नळीचे तोंड आणि गोळीचा नेम

ज्यांच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते गुरुजी गणित शिकवीत आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे वर्गही घेत, हे येथील माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. म्हणूनच या वर्षीचा विषय निवडताना मी वाङ्मय थोडे बाजूला ठेवले. आयुष्यभर मराठी शिकविली हे खरे. पण महाविद्यालयात असताना अनेक वर्षे छात्रसेनेचे कामही माझ्याकडे होते आणि रायफल या वस्तूशी माझा परिचय त्या वाटेने झाला. व्याख्यानात वेळेअभावी जे घाईने सांगितले, ते येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

प्रश्न लहान आहे. रायफलीच्या नळीच्या तोंडाशी आट्यांवर बसविलेला मझल ब्रेक काढला, साफ केला आणि पुन्हा बसविला, तर गोळी पूर्वीच्याच ठिकाणी लागेल काय? ‘का नाही लागणार? नळी तीच, काडतूस तेच, दुर्बीण तीच,’ असे उत्तर सहज सुचते. ते अपुरे आहे.

मझल ब्रेक म्हणजे काय, हे सुरतकरांना दाखविणे अवघड नाही. तापी जेथे समुद्राला मिळते, तेथील हजिऱ्याच्या कारखान्यात ‘के-९ वज्र’ या स्वयंचलित तोफा तयार झाल्या. मूळ आराखडा दक्षिण कोरियाचा. शंभर तोफांचा करार २०१७ साली लार्सन अँड टुब्रो कंपनीशी झाला, आणि त्यांतील शंभरावी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी हजिऱ्यातून रवाना केली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांचा दुसरा करार झाला. या तोफेचे छायाचित्र वर्तमानपत्रांत अनेकांनी पाहिले असेल. नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटर आणि लांबी त्याच्या बावन्न पट, म्हणजे आठ मीटरांहून थोडी अधिक. त्या लांब नळीच्या टोकाला बाजूंनी खाचा पाडलेला जो जाडसर भाग दिसतो, तोच मझल ब्रेक. पाहणाऱ्यास तो शोभेचा वाटतो. रायफलीवर त्याचेच धाकटे भावंड असते, बोटभर लांबीचे आणि शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचे.

त्याचे काम धक्का कमी करण्याचे. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, हा नियम शाळेतच शिकविला जातो. परंतु पुढे जाणारी केवळ गोळी नसते, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. जळालेल्या दारूचा वायूही पुढेच जातो, आणि तो गोळीपेक्षा वेगाने जातो. आपल्या सैन्यात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचा हिशेब करून पाहावा. गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर; दारू तीन ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्या वायूचा वेग सरासरीने गोळीच्या सुमारे दीडपट धरावा. गुणाकार केला की खांद्यावर येणाऱ्या धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायूचा निघतो. मझल ब्रेक या हिश्श्याला हात घालतो. पुढे सुटणारा वायू त्याच्या पडद्यांवर आपटतो, बाजूला आणि थोडा मागे वळतो. मागे वळलेला वायू रायफलीला पुढे ओढतो आणि खांद्याचा भार हलका होतो. याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते: ब्रेक लावलेल्या रायफलीच्या बाजूला उभे राहिलेल्याच्या कानठळ्या बसतात.

आता मुख्य मुद्दा. वायूला वळविण्याचे हे काम बहुतांशी गोळी नळी सोडून गेल्यानंतर घडते. गोळी तोंडाशी बूच होऊन बसलेली असते तोवर वायूला बाहेर यायला वाटच नसते. मग जी गोष्ट गोळी गेल्यावर काम करते, तिचा गोळीच्या नेमाशी संबंध काय? संबंध आहे, तो तिच्या कामाशी नव्हे, तर तिच्या असण्याशी. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या अगदी टोकाला टांगलेले वजन आहे, आणि नळी आपण समजतो तशी ताठ नसते.

पोलादाची नळी एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. टेबलाच्या कडेवर पट्टीचे एक टोक दाबून धरून दुसरे टोक बोटाने उडविण्याचा खेळ आपण सर्वांनी वर्गात केला आहे आणि त्यासाठी छडीही खाल्ली आहे. पट्टीच्या मोकळ्या टोकाला खोडरबर अडकविले की तिचा आवाज बदलतो. ती सावकाश हलते. रायफलीतही हेच होते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आघातकील काडतुसावर पडल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत दोन-एक सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्यात नळी थरथरू लागलेली असते, आणि गोळी तोंड सोडते त्या क्षणी तोंड जिकडे रोखलेले असेल तिकडे ती जाते. नेमबाजाने जिकडे रोखले होते, तिकडे नव्हे. दुर्बिणीचे मळसूत्र फिरवून आपण ‘शून्य’ साधतो, म्हणजे नजरेची रेषा आणि गोळीचा मारा एका अंतरावर एकत्र आणतो. त्या वेळी या थरथरीचा ठरावीक हिस्साही नकळत त्या शून्यात धरलेला असतो. ब्रेक काढला की टोकाचे वजन गेले, थरथरीचा ताल बदलला, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी तोंडाचा रोख निराळा झाला.

हा फरक किती सूक्ष्म असतो, याचा अंदाज आकड्यांनी येतो. नेमबाजीत कोन ‘मिनिटा’त मोजतात, एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. साठ सेंटिमीटर लांबीची नळी एका मिनिटाने कलली, तर तिचे तोंड मूळ जागेपासून एक षष्ठांश मिलिमीटर सरकते. दोन-तीन केसांची जाडी म्हणा. तेवढ्याने शंभर मीटरांवर गोळी २.९ सेंटिमीटर आणि तीनशे मीटरांवर जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर सरकते. ब्रेक काढल्याने होणारा बदल एखाद्या रायफलीत नगण्य असतो, तर एखादीत एक-दोन मिनिटांचा. जाड, आखूड नळीवर तो कमी दिसतो. बारीक आणि लांब नळीवर अधिक. बाजू आधी सांगता येत नाही. वजन गेले म्हणून गोळी वरच जाईल, हे अनेकांचे अनुमान प्रत्यक्षात टिकत नाही. ती खाली जाते, डावीकडे जाते, तिरकीही जाते.

नळीच्या टोकाला वजन असण्या-नसण्याची ही गोष्ट मझल ब्रेकहून जुनी आहे. रशियाने १८९१ साली स्वीकारलेली मोसिन रायफल पायदळासाठी संगीन लावलेल्या स्थितीत शून्यावर आणीत. संगीन काढून मारा केला की गोळ्या सरकत. तेथे वायू वळविण्याचा प्रश्नच नव्हता. टोकावरचे पोलाद गेले, एवढेच.

येथे दोन शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे, आणि हा भाग भाषाशिक्षकाच्या अखत्यारीतला आहे. आपण ‘अचूक’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लावतो. पाच गोळ्या एकमेकींच्या शेजारी, रुपयाएवढ्या जागेत लागणे ही एक गोष्ट. त्या जागेचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रावर असणे ही दुसरी. पहिलीला मी एकवटपणा म्हणतो, दुसरीला अचूकता. छात्रसेनेत पॉइंट टू-टू रायफलीने प्रथम पाच गोळ्यांचे ‘ग्रुपिंग’ करवून घेतात. तेव्हा मध्याजवळ किती लागल्या हे कोणी विचारीत नाही, किती एकवटल्या एवढेच पाहतात. त्यामागचे शहाणपण आता ध्यानात येईल. एकच रायफल दहा मुले वापरतात आणि प्रत्येकाच्या गालाची, डोळ्याची ठेवण वेगळी, केंद्र सरकणारच. पण गोळ्या विखुरल्या, तर दोष धरण्यात, श्वासात किंवा खटका ओढण्यात आहे.

मझल ब्रेक काढल्याने बहुधा अचूकता जाते, एकवटपणा जात नाही. गोळ्या तितक्याच दाट लागतात, पण दुसरीकडे. म्हणूनच हा दोष फसवा आहे. कागदावर दाट पुंजका पाहून माणूस निश्चिंत होतो. स्पर्धेत याने पदक जाईल. पण ओलीस धरलेल्या माणसाच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या गुन्हेगारावर नेम धरणाऱ्या पोलिसाच्या हाती अशी रायफल असेल, तर शंभर मीटरांवरचे ते तीन सेंटिमीटर कोणाच्या अंगात शिरतील, याचा विचार करावा.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले होते की काय, असे कधी कधी वाटते. ‘नेम’ म्हणजे रोख, आणि ‘नेम’ म्हणजे रोज पाळायचा नियमही. ‘शिस्त’ हा शब्द आपण फार्सीतून घेतला. त्याचा जुना अर्थ बंदुकीचा रोख असा आहे, आणि सैन्यातल्या हिंदीत ‘शिस्त लेना’ म्हणजे आजही नेम धरणेच. मराठीत मात्र तो शब्द शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. हे विषयांतर झाले. पण या शाळेत ते खपवून घेतले जाईल.

आता ब्रेक पुन्हा बसविण्याकडे वळू. तोच ब्रेक, त्याच आट्यांवर, त्याच खांद्याला टेकेपर्यंत, तेवढ्याच जोराने आवळला, तर शून्य बहुधा जुन्या जागी किंवा अगदी जवळ परत येते. अट मात्र ‘तेवढ्याच’ या शब्दात आहे. सुरतेत हे समजावणे सोपे आहे. हिऱ्याला पैलू पाडणारा कारागीर हिरा पकडीतून काढून पुन्हा पकडीत बसवितो, तेव्हा तो सरळ घासायला लागत नाही. आधी भिंगातून कोन पाहतो. हिरा तोच, पकड तीच, तरी बैठक तीच असेल याचा भरवसा तो धरीत नाही.

रायफलीत बैठक बिघडविणारी पहिली गोष्ट म्हणजे काजळी. जळालेल्या दारूची राख आट्यांत आणि खांद्यावर घट्ट बसते. तिचा पापुद्रा खांद्याच्या एकाच बाजूला राहिला, तर ब्रेक त्या बाजूला उचलला जातो आणि नळीच्या अक्षाशी किंचित तिरका बसतो. आवळण्याचा जोर ही दुसरी गोष्ट. हाताच्या अंदाजाने आवळणारा एकदा ढिला आवळतो, एकदा घट्ट. आणि आट्यांना तेल असेल तर तोच जोर अधिक ताण देतो. म्हणून जोर मोजणारा पाना वापरावा आणि आटे दर वेळी एकाच स्थितीत, कोरडे तर कोरडेच, ठेवावेत.

तिसरी गोष्ट दिशेची. पुष्कळ ब्रेकांना खालच्या बाजूने भोके नसतात, कारण खाली वायू सोडला तर आडवे पडून मारा करणाऱ्याच्या तोंडावर धूळ उडते; शिवाय वर सुटलेला वायू तोंडाला खाली दाबून ठेवतो. असा ब्रेक थोडा फिरलेला बसला, तर वायूचा झोत एका बाजूला अधिक जातो. दिशा जुळावी म्हणून काही ठिकाणी दबणारा वायसर घालतात. तो एकदा दबला की पुन्हा तसाच दबत नाही. जुना वायसर ठेवून ब्रेक पुन्हा आवळला, की ब्रेक पूर्वीच्या खुणेच्या पुढे जातो. खुणेवर थांबविला, तर ढिला राहतो. काढताना नवा वायसर जवळ असावा, किंवा मुळातच पातळ पोलादी चकत्या घालून दिशा जुळविण्याची पद्धत पत्करावी. ढिला ब्रेक सर्वांत वाईट. तो प्रत्येक गोळीला निराळा हलतो, आणि मग केंद्रच नव्हे, एकवटपणाही जातो.

तिरकेपणाचा याहून गंभीर परिणाम होऊ शकतो. रायफलीच्या ब्रेकचे भोक गोळीहून साधारण अर्धा मिलिमीटर मोठे असते, म्हणजे गोळीच्या चहूबाजूंना पाव मिलिमीटर मोकळीक. आटे तिरके कापलेले असतील किंवा बैठक वाकडी झाली असेल, तर गोळी आतल्या पडद्याला घासते. अशी गोळी कोठे जाईल, याचा नेम नाही. येथे ‘नेम’ शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. तोफेत असा अपघात किती गंभीर, हे २०१७ साली पोखरणच्या चाचण्यांत दिसले. बोफोर्सच्या आराखड्यावरून आपल्याकडे विकसित झालेल्या ‘धनुष’ तोफेचा गोळा मझल ब्रेकवर आदळला आणि चाचण्या खोळंबल्या. पुढे शोध घेतला गेला, चाचण्या पुन्हा झाल्या, आणि ८ एप्रिल २०१९ रोजी जबलपूरला पहिल्या सहा धनुष तोफा सैन्याच्या हवाली झाल्या. नळीच्या तोंडावरचा एक भाग, पण त्याने सगळ्या प्रकल्पाला वाट पाहायला लावले.

व्याख्यानानंतर एका माजी विद्यार्थ्याने विचारले, स्वप्नील कुसळे यांच्या रायफलीवर असा ब्रेक असतो का? राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या या नेमबाजाने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. उत्तर असे की, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात मझल ब्रेक चालत नाही. मात्र नळीवर लहान वजने लावण्याची मुभा असते, आणि तेथे आपला प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहतो. त्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. एका मिनिटाचा फरक पन्नास मीटरांवर साडेचौदा मिलिमीटर होतो. म्हणजे बरोबर मध्यावर लागायची गोळी नऊच्या वर्तुळात जाते. साठ गोळ्यांच्या फेरीत असे झाले तर काय उरेल, हे गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात काढले असेलच.

सगळा दोष पोलादाला देऊन चालत नाही. ब्रेक काढलेली रायफल अधिक जोराने धक्का देते, आणि एक-दोन धक्के खाल्ल्यावर शरीर पुढच्या धक्क्याची वाट पाहू लागते. खटका सुटायच्या आधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो. गोळी सरकते, आणि माणूस म्हणतो, ब्रेक काढल्यामुळे नळी बिघडली. उलट ब्रेक बसविल्यावर गोळ्या एकवटल्या तर श्रेय नळीला मिळते, जरी सुधारणा खांद्याची झाली असली तरी. म्हणून परीक्षा घ्यायची तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून घ्यावी, आणि खांद्यावरून घ्यायचीच असेल तर नेमबाजाला विश्रांती देत घ्यावी.

परीक्षेची रीत साधी आहे. ती पाळण्याचा कंटाळा मात्र फार. ती अधिकृत मैदानावर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि प्रत्येक टप्प्यावर नळी रिकामी असल्याची खात्री करूनच करावी. एकाच पेटीतील काडतुसे घ्यावीत. ब्रेक बसविलेला असताना दहा गोळ्या एका कागदावर, काढून दहा दुसऱ्यावर, पुन्हा बसवून दहा तिसऱ्यावर. मध्ये नळी थंड होऊ द्यावी, कारण तापलेली नळीही गोळ्या सरकविते. दहा कशाला, तीन पुरत नाहीत का? नाही पुरत. प्रत्येक गोळी थोडी इकडे-तिकडे जातेच, आणि तीन गोळ्यांचे केंद्र निव्वळ योगायोगाने बरेच सरकलेले असू शकते. हा डळमळीतपणा गोळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो: चार गोळ्यांनी निम्मा, नऊ गोळ्यांनी तिसरा हिस्सा. तीन-तीन गोळ्यांचे दोन कागद शेजारी धरून ‘शून्य हलले’ किंवा ‘काही फरक नाही’ असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही विधाने सारखीच निराधार असतात.

तिन्ही कागदांवर प्रत्येक पुंजक्याचे केंद्र काढावे: सर्व गोळ्यांची आडवी अंतरे मिळवून दहाने भागावे, तसेच उभी अंतरे. पहिल्या आणि तिसऱ्या कागदाची केंद्रे जुळली, तर ब्रेक विश्वासाने काढता-बसविता येतो. पहिल्या आणि दुसऱ्यातील अंतर हा त्या रायफलीचा स्वतःचा आकडा. तो दुसऱ्या रायफलीला लागू पडत नाही, मग ती त्याच कारखान्यातून त्याच दिवशी निघालेली का असेना. तो वहीत लिहून ठेवावा, तारीख, काडतुसाचा प्रकार आणि आवळण्याचा जोर यांसह. बहुतेक दुर्बिणींच्या मळसूत्राची एक ‘टिक’ पाव मिनिटाची, म्हणजे शंभर मीटरांवर सुमारे सात मिलिमीटरांची असते. वहीत २.९ सेंटिमीटर डावीकडे असे लिहिले असेल, तर ब्रेकविना मारा करताना चार टिका उजवीकडे द्याव्यात, आणि ब्रेक परत बसविल्यावर त्याच चार परत घ्याव्यात. त्यानंतर एक गोळी कागदावर सोडून पाहावी.